आपल्या सांदवाडीची कुळकथा



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काहीतरी लिहून द्यावे असे ठरले, तेव्हा कुणी पाककृती घेतली, कुणी जात्यावरच्या ओव्या गोळा करायचे कबूल केले. मी सांदवाडीचा इतिहास मागून घेतला. त्यावर एकदोघी हसल्या. इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि सनावळ्या डोळ्यांपुढे येतात. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शाळेच्या पुस्तकात मीही तोच इतिहास शिकले. परंतु घराच्या मागच्या दारी जो दहा-वीस हातांचा तुकडा असतो, ज्याला पुण्या-मुंबईकडे परसबाग म्हणतात आणि आपण सांदवाडी म्हणतो, त्यालाही इतिहास आहे. शेताचे पीक मापात आणि तोलात आले म्हणून ते कागदावर आले. सांदवाडीचे पीक ओच्यात आले आणि चुलीवर गेले, म्हणून त्याची नोंद कुणी ठेवली नाही. ती नोंद आपल्या सणांत आहे, भाज्यांच्या नावांत आहे आणि म्हाताऱ्या बायांच्या बोलण्यात आहे. तिथूनच ती वेचायची.

पहिला पुरावा ऋषिपंचमीचा घ्या. भाद्रपद शुद्ध पंचमीला आपण बैलाच्या श्रमाचे खात नाही. नांगराखालचे धान्य त्या दिवशी वर्ज्य, हाताने खणून लावलेले तेवढेच चालते. आता विचार करा, नांगर जिथे कधी शिरला नाही अशी गावातली जमीन कोणती? सांदवाडी. धोप्याची पाने, दोडके, पडवळ, भेंडी, अंबाडी, मक्याचे कणीस हे सारे त्या दिवशी मागच्या दारातून येत असे. म्हणजे शास्त्रकारांनी व्रत सांगितले, आणि ते पार पाडण्याची सोय बायकांनी कुदळ-खुरपे घेऊन आधीच करून ठेवली होती. दुसरा पुरावा महालक्ष्म्यांचा. नैवेद्याला सोळा भाज्या लागतात. ज्या घरी सांदवाडी भरलेली तिथे दहा-बारा भाज्या घरच्याच निघत, उरलेल्या शेजारणीकडून येत, आणि तिच्याकडे जे नसेल ते आपल्याकडून जाई. सोळाचा आकडा एकट्या घराने पुरा करणे कठीण, आळीने पुरा करणे सोपे. सण बांधणाऱ्यांनी हा हिशेब केला होता की नाही कोण जाणे, पण त्यामुळे शेजारपण टिकले एवढे खरे.

भाज्यांची नावे घेतली तर आणखी एक कथा निघते. आजकाल 'देशी झाडे लावा' असे सर्वत्र सांगितले जाते. सांगणे बरोबर आहे, पण देशी कशाला म्हणायचे? वांगे, काकडी, तूर, मूग, उडीद, दोडके, कढीपत्ता, शेवगा, काटवल ही सारी याच देशाची लेकरे. पण मिरची? ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीज १४९८ साली आपल्या किनाऱ्याला लागले, त्यानंतर त्यांच्या गलबतांतून ती आली. तोपर्यंत आपल्याकडे तिखटपणा मिऱ्याचा होता. भेदरे, बटाटा, पेरू, पपई, सीताफळ, भुईमूग ही सगळी त्याच खंडातून आलेली. ज्याला आपण वऱ्हाड-नागपुराकडे कोहळे म्हणतो तो लाल भोपळासुद्धा तिकडचाच. दसऱ्याच्या तोरणात ज्याच्यावाचून आपले चालत नाही तो झेंडू मेक्सिकोचा. आणि चिंच, जी आपल्याला अगदी गावची आजी वाटते, ती फार जुन्या काळी आफ्रिकेतून आलेली. अरबांनी मात्र तिला 'हिंदचा खजूर' म्हटले आणि शास्त्रज्ञांनीही तिचे नाव त्यावरूनच ठेवले.

हे वाचून कुणी गोंधळून जाईल. पण भगिनींनो, आपण तरी कुठे जन्माने या वडनेरच्या? बहुतेकजणी लग्न होऊन आलो. कुणी समुद्रपूरकडची, कुणी राळेगावकडची, कुणी चांद्याकडची. आलो, रुजलो, आणि आता हे घर आमचे नाही असे कुणी म्हणून पाहावे! झाडाचेही तसेच आहे. जे इथल्या मातीत बी धरते, त्या बियाचे पुढल्या साली पुन्हा येते, आपल्या पावसाला आणि उन्हाला जुळवून घेते आणि शेजारच्या झाडाला जगू देते, ते आपले. मिरची आपली झाली, कोहळे आपले झाले. उलट घाणेरी इंग्रजांनी बागेची शोभा म्हणून आणली आणि तिने रानेच्या राने गिळली. बेशरम कुंपणाला म्हणून लावली, ती नाल्या-तळ्यांत पसरली. गाजर गवत १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आले, परदेशी गव्हाबरोबर ते आले असे सांगतात, आणि आज आपल्या धुऱ्यांवर त्याच्याशिवाय दुसरे काही दिसेनासे झाले आहे. घरात आलेली सून आणि घरात घुसलेला चोर यांतला फरक एवढाच, की एक घर वाढवते आणि दुसरा घर रिकामे करतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वेगळा झाला, आणि वर्धा शहर १८६६ साली पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी वसले. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते (१८६१ ते १८६५). तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचे मोल आले. १८६७ पर्यंत मुंबईची आगगाडी वर्ध्यावरून नागपूरला पोचली. काळ्या मातीचे हे शेत जगाच्या बाजाराला बांधले गेले ते तेव्हापासून. शेतात पैशाचे पीक, आणि पैशाचा भाव ठरवणार सातासमुद्रापलीकडचा व्यापारी! भाव चढला तर घरात नथ आली, भाव पडला तर सावकार आला. अशा काळात रोजच्या कोरड्यासाला काय घालायचे हा प्रश्न शेताने सोडवला नाही, सांदवाडीने सोडवला. पुरुषांच्या शेताचा इतिहास कापसाच्या गाठींत मोजला गेला. बायकांच्या शेताचा इतिहास हा, की कापूस पडला तरी पोरे जेवली.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ मध्यप्रांतावर लागोपाठ आले. दुसऱ्याला लोक 'छप्पन्नचा दुष्काळ' म्हणत, कारण तेव्हा विक्रम संवत १९५६ होते. माझ्या सासूबाईंनी त्यांच्या आजेसासूकडून ऐकलेल्या गोष्टींत तरोटा, चिवळ, कुंजर, पातूर यांची नावे येत. पहिल्या पावसाबरोबर न पेरता उगवणाऱ्या या भाज्या. ज्या बाईला त्या ओळखता येत तिच्या घरचे माणूस तरले, असे त्या सांगत. यातले किती शब्दशः खरे ते मी सांगू शकत नाही, पण रानातला कोणता पाला खायचा, तो कोणत्या नक्षत्रात कोवळा असतो आणि किती वेळा उकळून पाणी टाकायचे, हे ज्ञान एका बाईकडून दुसरीकडे आले, एवढे निश्चित. त्याला शाळा नव्हती आणि पुस्तकही नव्हते.

या ज्ञानाला प्रथम मान मिळाला तो आपल्याच जिल्ह्यात, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. १४ डिसेंबर १९३४ रोजी वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालालजी बजाज यांनी त्यासाठी आपली बाग व बंगला दिला, आणि १९२८ साली वारलेल्या मगनलाल गांधींच्या नावावरून त्या जागेला मगनवाडी म्हणू लागले. गांधीजी १९३५ साली मगनवाडीत राहिले. राजकारणाचा एवढा मोठा व्याप असणारा हा माणूस तिथे काय करत होता? पाला खाऊन पाहत होता! १९३५ च्या 'हरिजन' पत्रात त्यांनी हिरव्या पाल्याच्या गुणांवर लेख लिहिला. मुळ्याचा, गाजराचा, मोहरीचा, शेपूचा पाला स्वच्छ धुऊन कच्चाच खावा, शिजवल्याने त्यातील जीवनसत्त्वे कमी होतात, असे त्यांचे सांगणे. सोयाबीनच्या आहाराचे प्रयोग त्याच वर्षी मगनवाडीत झाले. ३० एप्रिल १९३६ रोजी ते शेगावला राहायला गेले, आणि त्याच गावाचे नाव १९४० साली सेवाग्राम झाले. तिथल्या पंगतीत कडुनिंबाच्या पाल्याची चटणी वाढत, ती गिळताना मोठमोठ्या पाहुण्यांची तोंडे कशी होत याच्या गोष्टी प्रसिद्ध आहेत. आपण वर्षातून एकदा पाडव्याला कडुनिंबाचे पान तोंडात टाकतो तर केवढे नाक मुरडतो!

हसण्याची गोष्ट बाजूला ठेवू. गांधीजींनी काय केले? जो पाला गरीब बाई गुपचूप, काहीशा लाजेने शिजवत होती, त्याला त्यांनी पाहुण्यांच्या ताटात जागा दिली. गरिबीची खूण होती ती ज्ञानाची खूण झाली. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि त्यातून नई तालीम निघाली. सूतकताईबरोबर शेती आणि बागकाम हेही शिकण्याचे साधन मानले गेले. मुलाने वाफा आखायचा आणि त्यातच क्षेत्रफळ शिकायचे, बी पेरायचे आणि त्यातच निसर्गशास्त्र शिकायचे. आपल्या मुलांना आज पालक कोणत्या झाडाला लागतो असे विचारावे लागते, तेव्हा त्या शाळेची आठवण येते.

तिसरे ठिकाण पवनार. धाम नदीच्या काठी विनोबा १९३८ साली राहायला आले. १९५० च्या सुमारास त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला. आश्रमाला लागेल ते बाजारातून पैशाने न आणता श्रमाने मिळवायचे. सुरुवात भाजीपाल्यापासून झाली. शेतीचे तीन प्रकार ते सांगत: ऋषिशेती, म्हणजे माणसाच्या हाताची, ऋषभशेती, म्हणजे बैलाची, आणि इंजिनशेती. त्यांनी ऋषिशेती निवडली. विहिरीचे रहाट आश्रमवासीयांनी स्वतः फिरवले. भगिनींनो, हे वाचले तेव्हा मला ऋषिपंचमी आठवली. नांगराविना, बैलाविना, दोन हातांनी पिकवलेले अन्न! जे व्रत आपण वर्षातून एक दिवस करतो ते विनोबांनी रोजचे केले, आणि जे त्यांनी प्रयोग म्हणून केले ते आपल्या सांदवाडीत आज्या-पणज्या बिनबोभाट करत आल्या होत्या. १९५९ साली पवनारला स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू झाले, आणि श्रमाची ती परंपरा तिथल्या भगिनींनी पुढे चालवली. भूदानाच्या काळात जानकीदेवी बजाज यांनी कूपदानाचे, म्हणजे विहिरी देण्याचे, काम अंगावर घेतले. जमीन दिली आणि पाणी दिले नाही तर ती जमीन कोरडीच राहणार, हे एका बाईच्या चटकन लक्षात यावे यात नवल नाही. घागर तिच्याच डोक्यावर असते.

सरकारनेही वेळोवेळी या कामी हाका दिल्या. दुसऱ्या महायुद्धात 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम झाली. १९५० साली कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी एक वेळ उपास करण्याचे आवाहन केले. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राने भोगला. प्रत्येक अडचणीत देशाला परसातला तुकडा आठवतो आणि अडचण सरली की तो विसरला जातो, असा या हाकांचा इतिहास आहे.

मग सांदवाडी मोडली कशी? तिच्यावर कुणी हल्ला केला नाही, ती हळूहळू गेली. घरे वाढली, भाऊ वेगळे झाले, मागच्या दारी भिंत आली. चिखल नको म्हणून अंगणात सिमेंट आले. न्हाणीचे पाणी अळूच्या वाफ्यात जात होते ते नालीत गेले. बाजारात बारमाही भाजी मिळू लागली, तेव्हा वेलाला मांडव कोण घालणार? आपले गाव तर नागपूर-हैदराबाद या मोठ्या रस्त्यावर आहे, मालाची ने-आण सारखीच चालू. बियाणे पुडीत आले. पुडीतले संकरित बी एक वर्ष छान पिकते, पण त्याचे बी धरून पुढल्या साली पेरले तर तसेच येत नाही, म्हणून पुन्हा पुडी. माझ्या सासूबाई पुडी पाहून म्हणायच्या, "बी इकत आनाची पाळी आली, तर घर चालवनारीनं काय केलं?" त्यांच्या उतरंडीत राखेत घोळलेले दोडक्याचे बी असे, पोपटाच्या शेंगांचे बी असे, बरबटीचे असे, आणि प्रत्येकीचे माहेर त्यांना ठाऊक असे. हे अमक्या गावच्या बहिणीकडचे, ते तमकीच्या आईकडचे. बी म्हणजे नात्यांची वहीच होती.

शेतातही बदल झाले. २००२ पासून बीटी कापूस आला आणि कपाशीची लागण वाढली. पुढे निंदणाच्या मजुरीऐवजी तणनाशकाची फवारणी सुरू झाली. तण गेले खरे, पण त्या तणातच चिवळ होती, कुंजर होती, केना होता. आधी निंदणाला गेलेली बाई संध्याकाळी ओच्यात भाजी घेऊन येई. आता रिकाम्या ओच्याने येते आणि रस्त्यावर भाजीला थांबते. या गोष्टीचा हिशेब कुठल्याही खर्चाच्या वहीत लिहिला जात नाही, तो अंगात लिहिला जातो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. मोफत वाढणारा हिरवा पाला आपल्या ताटातून गेला हे त्याचे एकमेव कारण नव्हे, पण त्या कारणांतले ते एक आहे, असे मला वाटते.

त्यात ऋतूंनी चाल बदलली. वर्ध्याचा उन्हाळा पूर्वीही कडकच होता, पारा पंचेचाळीसच्या पुढे जाणे आपल्याला नवे नाही. नवे आहे ते बेभरवशाचेपण. मृगात पेरावे तर पाऊस दडी मारतो, आणि आला की पंधरा दिवसांचा एका रात्रीत कोसळतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात गारपिटीने उभी पिके झोपवली. २०२२ च्या जुलैत आपल्या जिल्ह्यात अतिवृष्टी झाली आणि हिंगणघाट तालुक्यात पुराने शेतेच्या शेते खरडून नेली. शास्त्रज्ञ सांगतात की कोळसा-तेल जाळल्याने हवेत वायू साठले, पृथ्वी तापली, तापलेली हवा जास्त वाफ धरते आणि मग ती एकदम ओतते. म्हणून खंडही लांबतो आणि सरही जोराची येते. हे आपल्या एकट्या गावाने केलेले नाही आणि एकट्या गावाने थांबणारे नाही. पण त्यात तग कसा धरायचा हे मात्र ज्याने त्याने आपल्या दारात पाहायचे आहे.

इथेच आपली जुनी झाडे कामास येतात. उन्हाचा जोर पस्तीस अंशांच्या वर टिकून राहिला की भेदऱ्याची फुले गळतात. पण शेवगा खोल मूळ घालतो आणि उन्हातही उभा राहतो. हेटा, ज्याला दुसरीकडे हादगा म्हणतात, झरझर वाढतो, फुलांची भाजी देतो आणि आपल्या मुळांवाटे जमिनीला खतही देतो. पोपट आणि बरबटी शेंगवर्गातल्या, त्याही जमीन सुधारतात. अंबाडी कमी पाण्यावर येते. कोहळ्याचा वेल रुंद पानांनी माती झाकतो, त्यामुळे ओल टिकते. काटवलाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. त्याचा कंद उन्हाळाभर जमिनीत निजून राहतो आणि पहिल्या पावसाला आपोआप फुटतो. मात्र त्याचे नर आणि मादी वेल वेगवेगळे असतात, दोन्ही जवळ असतील तरच फळ धरते. ज्यांच्याकडे वेल फुलतो पण फळत नाही त्यांनी आधी एवढे पाहावे. शेजारणीकडून एक कंद आणला की काम होते.

नव्या काळातही हे काम काहींनी मोठ्या जिद्दीने केले आहे. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर (१९२४ ते २००१) यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. शेतकऱ्याने स्वतः प्रयोग करावा, पडलेल्या पाल्यातून माती तयार करावी आणि थोड्या जागेत कुटुंबाचे पोट भरावे, ही त्यांची शिकवण. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. घरच्या अंगणापासून त्यांनी गावरान बी जमवायला सुरुवात केली, वालाचेच कितीतरी प्रकार राखले, घरात बियाण्यांची पेढी उभी केली, 'बायफ' संस्थेने त्यांना साथ दिली. २०२० साली पद्मश्रीच्या यादीत त्यांचे नाव आले. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. आपण सातवी शिकलो, त्यांच्यापेक्षा सात इयत्ता पुढे आहोत! निमित्त सांगायला आपल्याला तोंड उरत नाही.

आपल्या जिल्ह्याचेही उदाहरण आहे. डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या प्रतिष्ठानाने २०१३ ते २०१८ या काळात ओडिशातील कोरापूट आणि आपला वर्धा हे दोन जिल्हे निवडून, शेतीची आखणीच पोषणाकडे पाहून कशी करावी याचे काम काही गावांत केले. त्यात घराच्या मागची, शाळेची आणि गावाची मिळून अशा पोषणबागा लावल्या गेल्या. बचत गटांच्या 'उमेद' अभियानानेही पोषण परसबागेची मोहीम राज्यभर चालवली. म्हणजे मगनवाडीत १९३५ साली जे सांगितले गेले तेच फिरून आपल्या दारी आले आहे.

आता थोडे कामाचे. जागा नाही म्हणणाऱ्या भगिनींनी एक कोपरा पाहावा. चार हात रुंद, सहा हात लांब एवढी माती उघडी मिळाली तरी पुरे. पश्चिमेला शेवगा लावावा, म्हणजे दुपारच्या झळा तो अंगावर घेतो. त्याच्या बुडाशी वेल सोडावा, मांडवाचे लाकूड वाचते. भांड्यांचे पाणी धोप्याच्या वाफ्यात सोडावे. सांबार, मेथी, पालक यांना धुण्याचे साबणाचे पाणी देऊ नये. उन्हाळ्यात रोपाजवळ मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून, पाणी भरून, वर झाकण ठेवावे. ते पाझरत राहते, झाड आपल्या गरजेपुरते घेते आणि दोन-तीन दिवस पाहावे लागत नाही. झाडलेला पाला जाळू नये, वाफ्यावर पसरावा. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्या पाल्याखाली कमी पडतात आणि तोच पाला पावसाळ्यात खत होतो. पावसाळ्यात मात्र वाफा उंच करावा, नाहीतर काळी माती पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात. पालेभाजीवर लिंबू पिळावे किंवा आवळा सोबत खावा, म्हणजे भाजीतले लोह अंगी लागते.

बियांसाठी वेलावरचे पहिले-दुसरे निरोगी फळ सोडून द्यावे. ते पाहून जीभ चाळवते, पण हात आवरावा. दोडके वेलावरच वाळू द्यावे, आत बी खुळखुळले की उतरवावे. बी सावलीत वाळवून, राख लावून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून कोरड्या बरणीत ठेवावे. बरणीवर नाव, वर्ष आणि कोणाकडून आणले ते लिहावे. हे शेवटचे विसरू नये. इतिहास म्हणतात तो हाच.

मंडळापुढे माझी एक सूचना आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाण लुटतो. अलीकडे त्यात प्लास्टिकच्या डब्या आणि वाट्या येतात, त्या दुसऱ्या महिन्यात फुटतात. यंदा वाण म्हणून घरचे बी द्यावे. पौषात पोपट, बरबटी, दोडके यांचे बी तयार असते. प्रत्येकीने एकच जात आणली तरी संध्याकाळी प्रत्येकीच्या ओटीत आठ-दहा जाती पडतील. वाण या शब्दाचा एक अर्थ बियाण्याची जात असाही आहे. तो अर्थ आपण त्या दिवशी खरा करू. आणि मंडळाच्या खोलीत एक फळी बियाण्यांच्या बरण्यांसाठी राखून ठेवावी. एखाद्या वर्षी एकीचे बी पुरात गेले तर दुसरीकडे उरेल. सगळ्यांचे एकदम जाणार नाही.

आपल्या गावाच्या नावातच वड आहे. वडसावित्रीला आपण त्याला सूत गुंडाळतो आणि सात जन्मांचे मागणे मागतो. त्या वडाचे बी केवढे असते? मोहरीहून लहान. भगिनींनो, आपल्या सांदवाडीची कुळकथा अजून संपलेली नाही, पुढचे पान आपल्या हाती आहे. ऋषिपंचमीला ताटात निदान पाच भाज्या आपल्या हातच्या असाव्यात, एवढा संकल्प या वर्धापनदिनी आपण सर्वजणी करू या, आणि पुढल्या वर्षीच्या स्मरणिकेत कुणाच्या घरी काय पिकले त्याची यादी छापू या.